थरांचं बारसं: कँब्रियनपूर्व अवसादी खडकांच्या एककाला नाव कसं द्यायचं

नागपूरहून फील्डला जाणाऱ्या भूविज्ञानाच्या मुलामुलींकडून दर हिवाळ्यात एक प्रश्न हमखास येतो: "नकाशात हा थर वेगळा दाखवलेलाच नाही. मी त्याला नाव देऊ शकतो का?"

देऊ शकता. त्यासाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागत नाही, की मोठं पद लागत नाही. पण नियम आहेत आणि कामाचा एक क्रम आहे. तो क्रम मला कुणी नीट सांगितला नव्हता. पैनगंगेच्या खोऱ्यातल्या चुनखडकात एक छोटा मेंबर (थरांचा वेगळा ओळखू येणारा लहान गट) वेगळा काढून मांडायला मला तीन हिवाळे लागले, त्यातला एक पूर्ण वाया गेला. तुमचा तो हिवाळा वाचावा म्हणून हे लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. बारसं जन्मानंतर होतं. इथेही नाव सगळ्यांत शेवटी येतं. त्याआधी अशी एक जागा हवी, जिथे उद्या कुणीही जाऊन उभं राहील आणि तुम्ही पाहिलं तेच त्याला दिसेल. ती जागा नसेल तर नावाला काही अर्थ नाही.

सोबत काय लागेल

कागदपत्रं: सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० ची टोपोशीट, म्हणजे भूरचनेचा नकाशा (मनसर-रामटेककडे ५५ ओ/७, मुकुटबनकडे ५६ आय/१३), भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाच्या 'भूकोश' पोर्टलवरून उतरवलेला भूवैज्ञानिक नकाशा, विभागप्रमुखांचं पत्र, ओळखपत्र, जंगल किंवा खाणीचा भाग असेल तर तिथली लेखी परवानगी.

साहित्य: हातोडा, ब्रंटन किंवा क्लायनोमीटर कंपास, १० पट मोठं दाखवणारं हँडलेन्स, ३० मीटरचा टेप, दीड मीटरची खुणा केलेली काठी (जेकब स्टाफ), जीपीएस, दहा टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाची छोटी बाटली, कणांच्या आकाराचं कार्ड, रंगांचा तक्ता, कापडी पिशव्या, पक्क्या शाईचा मार्कर आणि शिवलेल्या पानांची फील्डबुक. सुट्या पानांची वही नको. नाल्यात एक पान वाहून गेलं की त्या दिवसाचं काम गेलं.

१. आधी जमीन कुठली ते ओळखा

नागपूरच्या आसपास कँब्रियनपूर्व, म्हणजे सुमारे ५३.९ कोटी वर्षांहून जुने, मुळात अवसादी (गाळ साचून बनलेले) असलेले खडक दोन अगदी वेगळ्या अवस्थांत भेटतात.

उत्तरेला जबलपूर रोडने गेलात की सौसर ग्रूप (थरांचा मोठा गट) लागतो. हे खडकही एकेकाळी वाळू, चिखल आणि चुनखडक होते, पण जमिनीच्या पोटात भाजून-दाबून निघाले. वाळूचा क्वार्टझाइट झाला, चिखलाचा शिस्ट, चुनखडकाचा संगमरवर. १९६३ मध्ये एस. नारायणस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या ग्रूपची जी मांडणी केली, तिच्यातली नावं पाहा: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिछुआ. या भागात एसटीने फिरणाऱ्याला यांतली काही पाट्यांवर वाचल्याचं आठवेल. ग्रूपचं नावही छिंदवाड्याच्या बाजूच्या सौसर गावावरून आलेलं आहे.

दक्षिणेला वणी, मुकुटबन, राजुरा, कोरपना या पट्ट्यात पैनगंगा ग्रूप आहे. तो बहुतांशी न भाजलेला, थर जवळपास आडवे. खाली ग्रॅनाइट आणि नाइस, त्यावर प्राणहिता वालुकाश्म, मग चांदा चुनखडक आणि वर सातनाला शेल (चिखलापासून बनलेला पापुद्र्यांचा खडक). गडचांदूर-मुकुटबनकडचे सिमेंटचे कारखाने याच पट्ट्यातल्या चुनखडकावर उभे आहेत.

पहिलंच एकक (स्वतःच्या नावाने ओळखला जाणारा थर किंवा थरांचा गट) मांडत असाल तर दक्षिणेकडे जा, असं माझं स्पष्ट मत आहे. सौसरमध्ये थर नुसते कललेले नाहीत, तर घडीवर घडी पडून उलटलेलेही आहेत. भूवैज्ञानिक डब्ल्यू. डी. वेस्ट यांनी १९३६ मध्ये देवलापारजवळ नाप दाखवला होता, म्हणजे खडकांची अख्खी चादर सरकून दुसऱ्या खडकांवर येऊन बसलेली. अशा ठिकाणी 'वरचा थर नंतरचा' हा साधा नियम आधी सिद्ध करावा लागतो. तिरक्या थरांची रचना शोधा. तिच्यातल्या रेषा वरच्या टोकाला कापलेल्या असतात आणि खालच्या बाजूला थराला स्पर्शून निघतात. त्यावरून मूळची वरची बाजू कळते. हे जमेपर्यंत सौसरमध्ये नवीन नाव सुचवू नका. आणि थरांचा मूळ क्रमच मोडून गेला असेल तर तिथे फॉर्मेशन (क्रमाने रचलेल्या थरांचं पायाभूत एकक) हा शब्दच चालत नाही. अशा खडकांसाठी कॉम्प्लेक्स, सूट अशी वेगळी पद्धत आहे.

२. पायऱ्या आणि नियम समजून घ्या

लहानाकडून मोठ्याकडे क्रम असा: बेड, मेंबर, फॉर्मेशन, ग्रूप, सुपरग्रूप. मराठी पुस्तकांत यांना प्रतिशब्द आहेत, पण फील्डमध्ये सगळे हेच शब्द वापरतात, म्हणून मीही तेच वापरतो. पाया फॉर्मेशनचा. त्याची खरी कसोटी जाडीची नाही, नकाशावर दाखवता येण्याची आहे. आपल्याकडे नेहमीच्या १:५०,००० च्या नकाशावर तो पट्टा आखता येत नसेल, तर बहुतेक वेळा तो फॉर्मेशन नसून मेंबर किंवा बेड असतो. माझा मेंबरच होता. फॉर्मेशन म्हणायचा मोह मलाही झाला होता.

दोन नियमावल्या वाचा. पहिली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने १९७१ मध्ये काढलेली भारतीय संहिता, दुसरी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका (पहिली आवृत्ती १९७६, दुसरी १९९४). सारांशावर भागवू नका.

३. जुनं वाचल्याशिवाय हातोडा उचलू नका

नागपुरात राहणाऱ्याचं या बाबतीत नशीब चांगलं आहे. सर्वेक्षण विभागाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सला आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय याच शहरात आहे आणि विद्यापीठाचा भूविज्ञान विभागही इथेच. विभागाचं पत्र घेऊन जा आणि आपल्या टोपोशीटवर आजवर काय काय लिहिलं गेलंय त्याची यादी करा.

वाचताना तीन रकाने आखा: कुणी, कोणत्या साली, हाच खडक कोणत्या नावाने लिहिलाय. एकाच खडकाला जुन्या अहवालात 'बेड्स', नंतर 'सिरीज' आणि अलीकडे 'ग्रूप' म्हटलेलं सापडेल. 'सिरीज' हा शब्द आज काळाशी बांधलेल्या एककांसाठी राखून ठेवलाय, खडकांच्या एककासाठी तो वापरायचा नाही. यादी पूर्ण झाली की अनेकदा कळतं, तुमचा 'नवीन' थर कुणीतरी आधीच वर्णन करून ठेवलाय. तसं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. जुन्या वर्णनाला चांगला सेक्शन (थर उघडे दिसतात आणि मोजता येतात अशी जागा) जोडून देणं हेही मोलाचं काम आहे.

नवख्यांचा इथला नेहमीचा घोळ म्हणजे खडकाचं नाव आणि एककाचं नाव एकत्र करणं. गोंडाइट हे खडकाचं नाव आहे. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या या खडकाला भूवैज्ञानिक फर्मर यांनी गोंड लोकांवरून ते दिलं. मनसर फॉर्मेशन हे एककाचं नाव. गोंडाइट मनसर फॉर्मेशनमध्ये सापडतो, म्हणून गोंडाइट दिसला की ते मनसर फॉर्मेशन, असं मात्र होत नाही.

४. वेळ आणि परवानगी

डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. दिवाळीच्या आधी गेलात तर नाल्यांत पाणी असतं आणि काठावर कमरेएवढं गवत. फेब्रुवारी संपता संपता सागाची पानं गळतात आणि टेकडीच्या उतारावरचे थर लांबून दिसायला लागतात. हे पंधरा दिवस सोन्याचे. एप्रिल-मे विसरा. त्या उन्हात कंपासही हातात धरवत नाही आणि दुपारी घेतलेली मापं चुकतात.

अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाऊल टाकू नका, नमुने काढणं तर दूरच. खाणीत व्यवस्थापकाची परवानगी, हेल्मेट आणि बूट. शेतातल्या नाल्यात उतरायचं असेल तर शेतकऱ्याला विचारा. परवानगी तर मिळतेच, शिवाय माहितीही. मुकुटबनच्या बाजूला एका म्हाताऱ्या बाबांनी मला विचारलं होतं, "काय शोधून राहिले जी?" मी सांगितल्यावर ते नाल्यात पुढे चालायला लागले आणि दोन वळणं ओलांडून त्यांनी जो काठ दाखवला, तोच पुढे माझा मुख्य सेक्शन झाला. टोपोशीटवर त्या नाल्याला नावच नव्हतं. गावात होतं.

५. टाइप सेक्शन निवडा

सगळं काम इथे तोलून धरलेलं असतं, त्यामुळे इथे घाई नको.

टाइप सेक्शन म्हणजे तुमच्या एककाचा प्रमाण नमुना. पुढे कुणाला शंका आली तर तो तिथे जाऊन पाहणार. म्हणून त्यात चार गोष्टी हव्यात: एककाची खालची सीमा दिसली पाहिजे, वरची दिसली पाहिजे, मधे मोठं खिंडार नको, आणि पन्नास वर्षांनीही जागा तिथेच असली पाहिजे.

माझा एक हिवाळा गेला तो या चौथ्या अटीमुळे. चुनखडकाच्या एका खाणीची ताजी कापलेली भिंत मी निवडली होती. देखणी होती, थर न थर मोजता यायचा. पुढच्या वर्षी नमुने घ्यायला गेलो तर भिंत साठेक मीटर मागे सरकली होती आणि माझा सेक्शन जिथे होता तिथे हिरवं पाणी साचलं होतं. खाणवाल्यांचं काही चुकलं नव्हतं. खाण म्हटल्यावर ती पुढे सरकणारच. चुकलं माझं. खाणीची भिंत पूरक सेक्शन म्हणून जरूर वापरा, मुख्य सेक्शन मात्र नाल्याचा काठ, नदीचं पात्र किंवा टेकडीचा उतार असा नैसर्गिक ठेवा. धरणाच्या बुडीत क्षेत्रातला नको.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे: वरून काळी माती आणि दख्खनचा बेसाल्ट. अखंड सेक्शन एका जागी क्वचितच मिळतो. मग खालची सीमा एका नाल्यात आणि वरची दुसऱ्या नाल्यात दाखवावी लागते. हे चालतं. फक्त दोन्ही ठिकाणी ओळखू येईल असा एखादा खुणेचा थर दाखवून दुवा जोडा आणि मधला किती भाग मातीखाली झाकलेला आहे ते मीटरमध्ये लिहा. झाकलेला भाग तर्काने भरू नका.

जीपीएस नोंदताना डेटम (अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कोणत्या प्रतिमानावर मोजलेत ते) लिहा. जुन्या टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर. दोन्हींचे आकडे मिसळले की तुमचा सेक्शन कागदावर नाल्यातून उठून शेजारच्या कापसात जाऊन बसतो.

६. थर मोजा

खालून वर जा, नेहमी खालून वर. दर थराची जाडी, रंग, कणांचा आकार, थराच्या तळाची आणि माथ्याची ठेवण, आतल्या रचना या नोंदी ठेवा. रंग ताज्या तुकड्याचा आणि उन्हापावसाने बदललेल्या पृष्ठाचा, दोन्ही. ताजा तुकडा करडा असतो आणि बाहेरून तोच खडक तपकिरी दिसतो. 'तपकिरी चुनखडक' एवढंच लिहिलं तर पुढचा माणूस हातोडा मारेल आणि गोंधळेल.

सपाट जमिनीवर पसरलेला कलता थर मोजताना फसू नका. समजा थरांच्या स्ट्राइकला (कलत्या थरावरच्या आडव्या रेषेच्या दिशेला) काटकोनात चालत १२० मीटर अंतर भरलं आणि डिप (थराचा कल) १२ अंश आहे. जाडी १२० मीटर नाही. १२० गुणिले साइन १२, म्हणजे साधारण २५ मीटर. माझ्या एका मित्राने प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात फॉर्मेशन पाचपट जाड करून टाकलं होतं ते याच कारणाने. चाल काटकोनात नसेल तर आधी ते अंतर दुरुस्त करून घ्या.

चुनखडक की डोलोमाइट, हे आम्लाने पाहा, पण नीट पाहा. ताज्या पृष्ठावर एक थेंब टाका. चुनखडक लगेच फसफसतो, चहा उतू जातानासारखे बुडबुडे येतात. डोलोमाइटवर थेंब तसाच बसून राहतो. मग त्याच जागी हातोड्याच्या टोकाने खरवडून थोडी भुकटी करा आणि पुन्हा थेंब टाका. आता कान जवळ नेलात तर बारीक चर्र ऐकू येईल. ही दुसरी पायरी गाळून 'आम्लाला प्रतिसाद नाही' लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रयोगशाळेत पातळ चकती करून अॅलिझरिन रेड एसने रंगवा. कॅल्साइट लाल होतं, डोलोमाइट होत नाही.

७. सीमा कशी लिहायची

एककाच्या वर्णनातलं सगळ्यांत कमकुवत वाक्य बहुतेक वेळा हेच असतं: 'वरची सीमा हळूहळू बदलणारी आहे.' हळूहळू म्हणजे किती मीटरांत? काय बदलतं? रेघ कुठे आखली?

माझ्या मेंबरची वरची सीमा मी अशी लिहिली: करड्या चुनखडकात लालसर शेलच्या पट्ट्या यायला लागतात, सुरुवातीला बोटभर, मग वितभर. जिथे शेल निम्म्याहून जास्त होतो तो पहिला थर, त्याचा तळ ही सीमा. यात निवड माझी आहे, पण ती उघड आहे. दुसरा माणूस तिथे जाऊन मोजू शकतो, माझ्याशी भांडूही शकतो. सीमा अशीच असावी.

दोन एककांच्या मधे काळाची पोकळी असेल, म्हणजे खालचा खडक झिजल्यानंतर वरचा साचला असेल, तर पुरावा दाखवा: खालच्या खडकाचे गोटे वरच्या थराच्या तळाशी पिंडाश्मात अडकलेत का, खालचे थर तिरके कापले गेलेत का. नुसती रेघ स्पष्ट आहे म्हणून पोकळी आहे असं ठरत नाही.

८. वयाला व्याख्येत घेऊ नका

कँब्रियनपूर्व खडकांत शंखशिंपल्यांचे जीवाश्म नसतात. स्ट्रोमॅटोलाइट असतात, म्हणजे सूक्ष्मजीवांच्या चादरींनी बांधलेले घुमट आणि स्तंभ. सुंदर दिसतात, कुठल्या परिस्थितीत गाळ साचला ते सांगतात, पण तारीख त्यांच्यावरून काढू नका. ज्वालामुखीच्या राखेचा थर मिळाला तर त्यातल्या झिर्कॉन या खनिजाचं युरेनियम-शिसे पद्धतीने वय काढता येतं, आणि तो खरा खजिना. वालुकाश्मात वाहून आलेले झिर्कॉन फक्त एवढं सांगतात की हा खडक त्यातल्या सर्वांत तरुण कणापेक्षा जुना नाही. किती तरुण आहे, ते सांगत नाहीत.

वय कळलं तर वेगळ्या परिच्छेदात लिहा. एककाची ओळख खडकावरून होते. उद्या नवीन वय आलं तरी तुमचं फॉर्मेशन हललं नाही पाहिजे.

९. आता नाव

नावाचे दोन भाग: जागा, आणि खडक किंवा दर्जा. चांदा चुनखडक, मनसर फॉर्मेशन. एकाच प्रकारचा खडक असेल तर खडकाचं नाव लावा, मिश्र असेल तर फॉर्मेशन किंवा मेंबर. 'चुनखडक फॉर्मेशन' असं दोन्ही एकत्र नको. व्यक्तीचं नाव चालत नाही, मग ते तुमच्या सरांचं असो की आजोबांचं. 'खालचा', 'वरचा' हे शब्द औपचारिक नावात टाळा.

जागा टाइप सेक्शनच्या जवळची, नकाशावर असलेली आणि टिकणारी हवी: गाव, नदी, नाला, टेकडी. प्राणहिता आणि सातनाला ही पाण्याची नावं आहेत, चांदा शहराचं. चांद्याचं चंद्रपूर झालं, तरी चुनखडक चांदाच राहिला. गावाचं नाव बदललं म्हणून एककाचं बदलत नाही.

आणि ते नाव आधी कुठे वापरलंय का ते शोधा, फक्त आपल्या जिल्ह्यात नाही, सगळ्या देशात. मी फील्डबुकमध्ये दुसऱ्याच दिवशी एका गावाचं नाव लिहून टाकलं होतं आणि दोन वर्षं तेच बोलत होतो. लेख तपासणाऱ्याने दाखवून दिलं की दुसऱ्या राज्यातल्या एका एककाला ते नाव कधीच दिलं गेलंय. नकाशे, आलेख, नमुन्यांच्या पिशव्या, सगळ्यांवरचं खोडावं लागलं. म्हणून नाव ठरेपर्यंत 'एकक क', 'एकक ख' असंच लिहा.

नवीन नाव मग त्या बाबांनी सांगितलेल्या नाल्याचंच घेतलं. टोपोशीटवर ते नसल्याने जवळच्या गावापासूनचं अंतर, दिशा आणि अक्षांश-रेखांश लेखात द्यावे लागले.

१०. प्रसिद्ध करा

प्रबंधातलं, परिषदेतल्या भाषणातलं किंवा अप्रकाशित अहवालातलं नाव औपचारिक होत नाही. मान्यताप्राप्त शास्त्रीय नियतकालिकात छापलं गेलं पाहिजे आणि त्यात 'हे एकक औपचारिकपणे प्रस्तावित करत आहोत' असं स्वच्छ वाक्य हवं. त्यासोबत नावाचं मूळ, दर्जा, टाइप सेक्शनचे अक्षांश-रेखांश, मोजलेला स्तंभ (थरांचा उभा आलेख), सीमा, जाडी आणि ती कुठे किती बदलते, पसरण दाखवणारा नकाशा, शेजारच्या एककांशी नातं, वय, आणि आधी हा खडक कोणकोणत्या नावांनी लिहिला गेला तो तिसऱ्या पायरीतला तक्ता.

नमुने विभागाच्या संग्रहात क्रमांक घालून जमा करा आणि तेच क्रमांक लेखात द्या. घरी पलंगाखाली ठेवलेली पोती दोन बदल्यांत हरवतात.

शेवटी सेक्शनपर्यंत जायची वाट लिहा. कोणत्या फाट्यावर उतरायचं, कच्चा रस्ता कुठून फुटतो, नाला कोणत्या पुलाजवळ ओलांडायचा, तिथून वरच्या अंगाला किती मीटर चालायचं आणि पहिला थर कोणत्या काठावर दिसतो. मसुदा झाला की त्या भागात कधीच न गेलेल्या एखाद्या ज्युनिअरच्या हातात तेवढा परिच्छेद द्या आणि त्याला एकट्याला नाही, सोबत एक जण देऊन पाठवा. तुम्ही सोबत जाऊ नका. तो सेक्शनवरून तुमच्या खालच्या सीमेचा फोटो काढून घेऊन आला, तरच लेख पाठवा.